वेचणीच्या दिवसांत पोर कुठे असते?

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून इथे कापसाच्या भावावर बोलणे झाले, पीकविम्यावर झाले, वीजबिलावर झाले. आता आम्ही अंगणवाडीवर बोलायला उभे राहिलो आणि मागच्या रांगेतले चार-पाच भाऊ तंबाखू मळत बाहेर निघाले. जाताना एकाने म्हटलेलेही ऐकू आले, ‘हा बायांचा विषय हाय.’ जाऊ द्या त्यांना. पण परत येताना त्यांनी एका प्रश्नाचे उत्तर घेऊन यावे. दिवाळीनंतर वेचणी भरात येते, घरातली बाई सकाळी वावरात जाते ती दिवस कलल्यावर परत येते. त्या सगळ्या वेळात घरातले तीन-चार वर्षांचे पोर कुठे असते?

आम्ही काही जण मागच्या हंगामात हाच प्रश्न विचारत गावोगाव फिरलो. उत्तरे तीन-चारच मिळाली. पहिले उत्तर : वावरात, धुऱ्यावर. बाभळीला लुगड्याचा झोका बांधलेला, मोठे पोर ओट्यातल्या सरकीशी खेळते. मजुरी किलोवर, म्हणून पोरापाशी दर तासाला जावे तर वेचणी कमी भरते. न जावे तर जीव तिकडे लागलेला. शेजारच्या तासात कालच फवारा मारलेला असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. जे विष गड्याला झेपले नाही, त्याच पऱ्हाटीत हे पोर दिवसभर असते.

दुसरे उत्तर : मोठ्या बहिणीपाशी. म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या पोरीची शाळा बुडते आणि लहानग्याला काही मिळत नाही ते वेगळेच. एका माणसाच्या सोयीसाठी दोन लेकरांचे नुकसान. तिसरे उत्तर : म्हातारीपाशी. म्हातारीला दिसत नाही, पोर विहिरीकडे गेले तरी कळत नाही. आणि चौथे उत्तर ज्यांना परवडते त्यांचे : ‘आमचं पोरगं ऑटोनं तालुक्याला कॉन्व्हेंटात जाते.’

‘अंगणवाडीत असते’ हे उत्तर फार थोड्या ठिकाणी मिळाले. मिळाले तिथेही पुढचे वाक्य होते, ‘खिचडी खाऊन घरी येते.’

अंगणवाडी कुणी काढली?

पुष्कळांना वाटते की अंगणवाडी ही दिल्लीतल्या कुणा साहेबाच्या डोक्यातून निघालेली योजना आहे. तसे नाही. हा शब्द आणि हे काम मराठी मुलखातल्या दोन बायांचे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांच्या बरोबर १९२६ साली भावनगरला नूतन बालशिक्षण संघ काढला. तेव्हा बालशिक्षण म्हणजे शहरातल्या पैसेवाल्यांच्या पोरांची गोष्ट होती, परदेशी पद्धतीची महागडी साधने लागत. ताराबाईंच्या मनाला ते खुपले. १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात आल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई तिथेच त्यांना येऊन मिळाल्या.

बालवाडी सुरू केली, पण दलित वस्तीतली पोरे येईनात. त्यांना कपडे नाहीत, आई कामावर, आणि बाकीच्यांच्या पोरांत बसायची भीती. आपण असतो तर म्हटले असते, ‘ह्या लोकांना शिक्षणाची कदर नाही.’ ताराबाईंनी उलटा विचार केला. पोर शाळेत येत नाही तर शाळा पोराच्या अंगणात गेली पाहिजे. वस्तीतल्या एका अंगणात शाळा भरली, तीच अंगणवाडी. साधने कसली? शिंपले, बिया, पाने, खडे, माती. मोजायला चिंचोके असले तरी मोजणे तेच असते.

१९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्त्यांत गेल्या. तिथली मोठी पोरे गुरे राखायची. मग गुरे चरतात त्या कुरणातच शाळा नेली, तिला नाव दिले कुरणशाळा. पोरी लहान भावंडे सांभाळत घरी राहायच्या, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका जागी आणल्या. बहीण शाळेत बसली, भाऊ शेजारी बालवाडीत, तान्हे पाळण्यात. आपल्या वेचणीच्या प्रश्नाचे उत्तर कोसबाडला कधीच सापडलेले होते. ते आपल्या गावापर्यंत आले नाही, एवढेच.

कागदावर काय आहे

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला देशभरात ३३ प्रकल्प होते, त्यांत आपल्या मेळघाटातले धारणी एक होते. आज देशात सुमारे १४ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. योजनेत सहा कामे सांगितलेली आहेत : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणे, आरोग्य-आहाराचे शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शाळापूर्व शिक्षण. पहिल्या पाचांचे रजिस्टर भरले जाते, सहावे राहून जाते.

का राहते, ते कायद्यातही पाहा. घटना झाली तेव्हा ४५व्या कलमात लिहिले होते की राज्याने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा. त्यात तीन वर्षांचे पोरही आले. २००२ साली ८६वी घटनादुरुस्ती झाली. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला, आणि सहाच्या आतल्यांसाठी ‘राज्य प्रयत्न करील’ एवढेच शब्द राहिले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या ११व्या कलमातही सरकार शाळापूर्व शिक्षणाची ‘व्यवस्था करू शकेल’ असेच आहे. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ ह्यांतला फरक तुम्हांला सांगायला नको. ‘हमीभावाने कापूस घेऊ’ आणि ‘घेऊ शकू’ ह्यांत जेवढा फरक, तेवढाच.

पण सगळाच कागद कोरा नाही. २००१ साली अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा लागला. त्यात १३ डिसेंबर २००६ ला आदेश झाला : ज्या वस्तीत सहा वर्षांखालची निदान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केली की तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे. आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार हा हक्क झाला. आहार दिला नाही तर भत्ता द्यावा लागेल, असेही त्यात आहे.

म्हणजे खाण्याचा हक्क मिळाला, शिकण्याचा नाही. म्हणूनच पोर खिचडी खाऊन घरी येते.

पेरणीनंतरचे पहिले दिवस

आता कुणी म्हणेल, तीन-चार वर्षांच्या पोराला काय शिकवायचे? खेळू द्या, सहाव्या वर्षी शाळेत जाईलच.

भाऊ, तुम्ही कोरडवाहू कास्तकार आहात, तुम्हांला हे कुणी सांगायला नको. पऱ्हाटी उगवल्यावर पहिले सहा-आठ आठवडे डवरणी-निंदण झाले नाही, तण माजले, नांगे भरायचे राहिले, तर पुढे कितीही खत टाका, बोंड धरायच्या वेळी झाड उभारी घेते का? खर्च तोच होतो, पीक येत नाही. मुलाचेही तसेच. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सरकारनेच लिहून ठेवले आहे. ह्या वयात पोर गोष्ट ऐकते, गाणे म्हणते, लहान-मोठे, मागे-पुढे, कमी-जास्त ओळखते, दुसऱ्याची पाळी येईपर्यंत थांबायला शिकते. हे झालेले असले की पहिलीतले अक्षर आणि अंक त्याला जड जात नाहीत. हे न झालेले पोर पहिलीत मागे बसते, तिसरीत वाचता येत नाही म्हणून मार खाते, आठवीत गळते. मग आपण म्हणतो, ‘डोकंच नाही त्याला.’ डोके होते, निंदण झाले नाही.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात इप्सिलँटी नावाच्या गावी १९६२ साली एक प्रयोग सुरू झाला. गरीब काळ्या कुटुंबांतली १२३ मुले घेतली. काहींना चांगली बालवाडी दिली, काहींना दिली नाही. मग ती मुले चाळिशीची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. बालवाडीतली मुले पुढे जास्त शिकली, जास्त कमावती झाली, तुरुंगात कमी गेली. पण त्या बालवाडीत शिकलेले शिक्षक होते, पाच-सहा मुलांमागे एक. ते दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन आईशी बोलत. हे मुद्दाम सांगतो, कारण नुसती पाटी लावली की फायदा होतो असे नाही. काम चांगले असेल तर फायदा होतो.

बाईला दोष देऊ नका

गावात अंगणवाडीचा विषय काढला की पहिले वाक्य ठरलेले : ‘बाई शिकवत नाही.’ आम्हीही तेच म्हणत होतो. मग आमच्यातल्या दोघी एका अंगणवाडीत सकाळपासून बसून राहिल्या. तिथली सेविका वस्तीत जाऊन पोरे गोळा करून आली. मग वजने घेतली. २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ आहे, त्यात मोबाइलवर माहिती भरायची, रेंज मिळेना म्हणून ती बाई ओट्यावर जाऊन उभी राहिली. मग गरोदर बायांचा शिधा वाटला. मग वरच्या कार्यालयातून फोन आला, कसला तरी सर्व्हे आजच हवा. मदतनीस चुलीपाशी. पोरे भिंतीला टेकून बसलेली. एक गाणे झाले, खिचडी झाली, दिवस संपला. सांगा, ह्यात ती शिकवणार केव्हा?

ह्या बाईला सरकार कर्मचारी म्हणत नाही, ‘मानसेवी’ म्हणते. केंद्राने २०१८ साली आपल्या वाट्याचे मानधन महिना ३,००० वरून ४,५०० रुपये केले, त्यावर राज्य आपली भर घालते. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ राज्यातल्या सेविका आणि मदतनीस सुमारे पन्नास दिवस संपावर होत्या. आपण गावकऱ्यांनी त्या पन्नास दिवसांत काय केले? ‘खिचडी बंद झाली’ एवढे म्हटले. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा त्यांना एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जाऊन मिळवावा लागला.

ह्यावर इलाज आहे आणि तो आपल्याच देशात करून पाहिलेला आहे. तमिळनाडूत ६४० अंगणवाड्या घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा त्यांतल्या निम्म्या निवडल्या आणि तिथे अर्ध्या दिवसासाठी एक जादा बाई नेमली, फक्त मुलांना शिकवायला. दीड वर्षाने पाहिले. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला होता. मुलांचे गणित आणि भाषा दोन्ही सुधारले. आणि दुसरे काय झाले, लक्ष द्या : जुन्या सेविकेला आहार-आरोग्याच्या कामाला वेळ मिळाला, म्हणून तिथे कुपोषणही कमी झाले. एक बाई वाढवली आणि दोन्ही कामे मार्गी लागली. त्या बाया शेजारपाजारच्याच होत्या, पदव्या घेतलेल्या नव्हत्या. आपल्या गावात बारावी झालेल्या सुना-लेकी घरोघरी आहेत.

कॉन्व्हेंटचे काय?

ज्यांची पोरे कॉन्व्हेंटात जातात त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. आमच्यातल्याही काहींची गेली. बाप ज्वारी विकून फी भरतो तो हौसेने भरत नाही. त्याला दिसते की तिथे दार वेळेवर उघडते, बाई वर्गात असते, पोराच्या अंगात गणवेश असतो. अंगणवाडीने एवढे तरी केले असते तर त्याने ऑटोचे पैसे वाचवले असते.

पण आत काय चालते तेही पाहावे. साडेतीन वर्षांच्या पोराला रेघांच्या वहीत इंग्रजी अक्षरे गिरवायला लावतात, ज्या भाषेत घरात कुणी बोलत नाही त्या भाषेत कविता पाठ करून घेतात. पाहुणे आले की पोर ती म्हणून दाखवते, बाप खूश. अर्थ त्यालाही कळत नाही, बापालाही नाही. ह्या वयाचे शिक्षण खेळातून आणि घरच्या बोलीतून व्हायला हवे, हे ताराबाई सांगून गेल्या आणि आजचे सरकारी धोरणही तेच सांगते. आपल्याकडे घरची बोली म्हणजे वऱ्हाडी असेल, गोरमाटी असेल, कोलामी, गोंडी, कोरकू असेल.

खरे नुकसान आणखी वेगळे आहे. ज्याच्या शब्दाला ग्रामसभेत वजन आहे त्याचे पोर अंगणवाडीतून गेले, की अंगणवाडीचे छप्पर गळते हे बोलायला कुणी उरत नाही. मागे राहतात शेतमजुराची, दोन-तीन एकरवाल्याची, तांड्यावरची आणि पोडावरची पोरे. त्यांच्या आया वेचणीला गेलेल्या असतात, त्या ग्रामसभेला येणार कधी? आमच्या एका गावात अंगणवाडी तीन पावसाळे देवळाच्या ओसरीत भरत होती. खोलीसाठी अर्ज केला, कार्यालयाने ‘जागा दाखवा’ म्हटले, जागा दाखवली तर ‘निधी नाही’ म्हटले. त्याच गावात त्याच काळात वेशीवर कमान उभी राहिली. कमान आम्हीच मागितली होती. हे कबूल केले पाहिजे.

ही भीक नाही

आपल्या बैठकांत नेहमी म्हटले जाते, सूट-सबसिडी नको, घामाचे दाम द्या, मग आमच्या पोरांचे आम्ही पाहू. दाम मिळालेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण दोन गोष्टी विचारात घ्या. एक, भावासाठी आपण पाच वर्षे लढू, दहा वर्षे लढू. तुमच्या पोराचे चौथे वर्ष दहा वर्षे थांबत नाही, ते ह्याच वेचणीत संपते. दोन, हातात पैसा आला तरी गावात चांगली बालवाडी एकट्याच्या पैशाने उभी राहत नाही. रस्ता कुणी एकटा बांधत नाही, तशीच ही गोष्ट आहे. आपण काडेपेटीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरतो. त्या करातून गावाला बालवाडी मागणे ही भीक नाही, हिशेब आहे.

आणि वेळेचा प्रश्न. अंगणवाडी भरते साधारण चार-साडेचार तास, वेचणी चालते आठ तास. मजूर बाईला ह्या अंगणवाडीचा उपयोग काय? २०२२ साली केंद्राने ‘पाळणा’ योजना आणली. अंगणवाडीला पाळणाघर जोडायचे, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. आपल्याला हवे ते हेच. पण देशभरात अशी १७,००० केंद्रे उघडायचे ठरले. १४ लाखांत सतरा हजार, म्हणजे ऐंशी अंगणवाड्यांमागे एक. ती आपल्या तालुक्यात आपोआप येईल असे कुणी समजू नये.

काय मागायचे, काय करायचे

मायबहिणींनो, आता ठरावाकडे येतो. आजच्या बैठकीपुढे ह्या मागण्या ठेवतो :

१. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा कायद्याने हक्क व्हावा. ‘करू शकेल’ हे शब्द जावेत.

२. प्रत्येक अंगणवाडीत फक्त शिकवण्यासाठी दुसरी सेविका नेमावी, ती त्याच गावची असावी आणि तिला नीट प्रशिक्षण मिळावे.

३. सेविका-मदतनिसांना कामाचे पुरते वेतन मिळावे आणि त्यांच्यावरची बाहेरची कामे काढावीत.

४. ऑक्टोबर ते जानेवारी, वेचणीच्या हंगामात, कापूस पट्ट्यातल्या अंगणवाड्या पाळणाघर जोडून संध्याकाळपर्यंत चालाव्यात.

५. ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर गेलेल्या कुटुंबांच्या मुलांना, जातील त्या गावच्या अंगणवाडीत कागद न मागता घ्यावे.

ह्या मागण्या सरकारकडे. आता आपल्याकडची कामे, ती आजपासून. ज्या तांड्यावर, पोडावर, वस्तीवर अंगणवाडी नाही तिथली सहाच्या आतली पोरे मोजा. चाळीस भरली तर यादी जोडून लेखी मागणी करा, पोच घ्या आणि तारीख लिहून ठेवा, कारण तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावेत असा नियम आहे. पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा, ते कुठे गेले? ग्रामसभा वेचणीच्या दिवशी दुपारी ठेवू देऊ नका, रात्री ठेवा. आणि आठवड्यातून एकदा गावातल्या दोघांनी, त्यांत एक बाप्या पाहिजे, अंगणवाडीत तासभर जाऊन बसावे. तपासणी करायला नव्हे. पोरांना गोष्ट सांगा, बैलाचे, पावसाचे, कोल्ह्याचे काहीही सांगा. कणसातले दाणे मोजायला द्या. ज्वारीचे दाणे, सरकी, तुरीच्या शेंगा ही सगळी साधने आपल्या घरात पडलेली आहेत.

बाहेर गेलेले भाऊ आता परत आलेले दिसतात. त्यांना आम्ही पुन्हा तोच प्रश्न विचारतो, पण उत्तर इथे नको. ह्या वेचणीत एका दिवशी सकाळी दहा वाजता काम थांबवा, आपले पोर ह्या घटकेला कुठे आहे ते जाऊन पाहून या, आणि पुढच्या बैठकीत उभे राहून सांगा. त्या बैठकीत अंगणवाडीचा विषय दुपारी नाही, सकाळी पहिला घेऊ.